वाहिन्यांचे ‘पॅक’ आणि सोलापूरचे बहुभाषिक घर

दूरचित्रवाणीच्या सशुल्क वाहिन्या सुट्या मिळत नाहीत असे नाही. परंतु ग्राहक त्या बहुधा समूहाने घेतो. या समूहाला नियमांच्या इंग्रजी पाठात ‘बुके’, म्हणजे पुष्पगुच्छ, म्हटले आहे. लोकव्यवहारात मात्र ‘पॅक’ हाच शब्द रूढ झाला आणि तोच अधिक यथार्थ आहे. गुच्छातील नको ते फूल काढून टाकता येते, पॅक बांधलेला असेल तसा घ्यावा लागतो. पॅक बांधणे म्हणजे केवळ किमतीचा हिशेब नव्हे, ते एक वर्गीकरणही आहे. आणि प्रत्येक वर्गीकरणामागे कोणता तरी समाज गृहीत धरलेला असतो. ते गृहीत सोलापुरात कितपत टिकते, हे तपासणे अगत्याचे आहे.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये केलेले नियम २०१९ च्या आरंभी ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्यांत वाहिन्यांचे भक्ती, सर्वसाधारण मनोरंजन, माहितीरंजन, बालक, चित्रपट, संगीत, वृत्त, क्रीडा आणि संकीर्ण असे नऊ वर्ग आहेत. पडद्यावरील सूचीत एका वर्गाच्या वाहिन्या सलग याव्यात, वर्गांतर्गत एका भाषेच्या वाहिन्या एकत्र असाव्यात आणि एक वाहिनी एकाच स्थानी दिसावी, असा दंडक आहे. आधी विषय, मग भाषा, हा क्रम तर्कशुद्ध होय. पॅक बांधणारा मात्र बहुधा हा क्रम उलटा करतो. तो भाषेचे नाव ठळकपणे घेतो व त्याला ‘फॅमिली’, ‘व्हॅल्यू’ असे शब्द जोडतो. ‘मराठी’ आणि ‘फॅमिली’ हे शब्द शेजारी आले की कुटुंबाची भाषा एकच असते, असे विधान नकळत होऊन जाते. जोडीला हिंदी वाहिन्या असतात. पण त्यांना ‘प्रादेशिक’ कोणी म्हणत नाही. तो शब्द मराठी, कन्नड, तेलुगू यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे.

सोलापूरची वस्तुस्थिती निराळी आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरण्या आणि माग यांच्या आश्रयाने तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर शहराच्या पूर्व भागात स्थिरावला. दक्षिण सोलापूर व अक्कलकोट या तालुक्यांत कन्नड पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. उर्दू व दखनी तर शहराच्या अंगवळणीच पडल्या आहेत. येथे भाषांची सीमा गावाच्या वेशीवर नसून पुष्कळदा घराच्या उंबऱ्याच्या आत असते. आजी तेलुगूत बोलते, नातू मराठी शाळेत शिकतो आणि चित्रपट हिंदी पाहिला जातो. अशा घरास एकभाषिक पॅक अपुरा पडतो आणि दोन पॅक परवडत नाहीत.

यात किमतीची रचनाही भर घालते. २०२२ च्या दुरुस्तीनुसार पॅकमधील वाहिन्यांच्या सुट्या किमतींच्या बेरजेवर प्रसारकाला ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. उदाहरणादाखल, प्रत्येकी ८ रुपयांच्या दहा वाहिन्यांची बेरीज ८० रुपये होते; तोच पॅक ४४ रुपयांस देता येईल. आता एखाद्या घराने तीन मराठी, दोन कन्नड आणि एक तेलुगू अशा सहाच वाहिन्या सुट्या निवडल्या, तर ४८ रुपये पडतात. दुसऱ्याने निवडलेल्या दहा स्वस्त आणि स्वतः निवडलेल्या सहा महाग, असा हा न्याय आहे. झी मराठी, झी कन्नड आणि झी तेलुगू या वाहिन्या एकाच समूहाच्या असल्या, तरी भाषावार पॅकांच्या रचनेत त्यांची ताटातूट होते.

पॅकच्या बाजूनेही काही म्हणता येईल. सुट्या विक्रीत ज्या लहान वाहिनीस कोणी विचारणार नाही, ती पॅकच्या आधाराने तगते. आणि एकभाषिक जिल्ह्यात भाषावार पॅक सोयीचाच ठरतो. म्हणून दोष पॅक या कल्पनेचा नसून, राज्याचा नकाशा पाहून घराची भाषा ठरविण्याचा आहे.

आणि हा दोष अपरिहार्य नाही. प्रसारकाने बांधलेला पॅक वितरकास फोडता येत नाही, हे खरे. तथापि सुट्या वाहिन्या घेऊन स्वतःचा पॅक बांधण्याची त्यास मोकळीक आहे, आणि २०२४ च्या दुरुस्तीने अशा पॅकवर त्यालाही ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. तेव्हा मराठी, कन्नड व तेलुगू अशा तिन्ही भाषांचा सोलापुरी पॅक बांधण्यास नियमांची आडकाठी नाही. उणीव आहे ती स्थानिक भाषास्थितीच्या जाणिवेची. घरात ऐकू येणारी भाषा टिकते आणि न ऐकू येणारी आजीबरोबर संपते. बहुभाषिक घराला एकच भाषा निवडावयास लावणारी किंमतपत्रिका म्हणूनच केवळ वाणिज्याचा विषय राहत नाही. भाषेच्या अभ्यासकानेही ती वाचली पाहिजे.