‘ओके’: एका उडाणटप्पू शब्दाविषयी

शब्द लोकप्रिय झाला की त्याचे कूळही थोर असले पाहिजे, असा आपला एक भाबडा आग्रह असतो. इंग्रजीतल्या ‘ओके’च्या वाट्याला तो भरपूर आला. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तर तो चॉक्टॉ या आदिवासी जमातीच्या भाषेतला मानून वेगळ्या वर्णांनी लिहिला. पुढे १९६३-६४ मध्ये अ‍ॅलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात पुरावे मांडले आणि थोर कुळाची कथा संपली. बोस्टनच्या एका वृत्तपत्रात २३ मार्च १८३९ रोजी हा शब्द थट्टेने छापला गेला होता. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांची आद्याक्षरे घ्यायची, एवढाच तो विनोद. ‘सर्व शुद्ध’ असे सांगणारा शब्दच अशुद्ध! १८४० च्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाशी तो जुळला. ते निवडणूक हरले. शब्द मात्र टिकला.

तो टिकला याचे कारण, मला वाटते, त्याला स्वतःचा असा आग्रह नाही. प्रश्नार्थक ‘ओके?’ संमती मागतो. ठाम ‘ओके’ ती देतो. लांबवलेला ‘ओऽके’ अविश्वास दाखवतो. ‘ओके, आता पुढे’ म्हटले की विषय बदलतो. कागदावर तो सहीच्या जोडीला बसतो. अर्थ शब्दात थोडा, सुरात फार.

एवढ्यावर माझी काहीच तक्रार नाही. तो परका आहे, हीदेखील नाही. आपला ‘बरं’ याच सगळ्या कसरती करतो, आणि किती सफाईने! ‘बरं?’, ‘बऽरं’, ‘बरं, ते असू दे’: वाचकांनी स्वतःच म्हणून पाहावे.

माझे भांडण आहे ते ‘नाटक कसे होते?’ या प्रश्नाला मिळणाऱ्या ‘ओके होतं’ या उत्तराशी. आणि ‘बरं होतं’ याच्याशीही तितकेच. ‘वाईट’ म्हणणाऱ्याला ‘का?’ विचारता येते. ‘उत्तम’ म्हणणाऱ्यालाही विचारता येते. दोघांनीही काही पणाला लावलेले असते. ‘ओके’ म्हणणाऱ्याने काहीच लावलेले नसते, म्हणून त्याला जाब विचारायला जागाच उरत नाही. व्यवहारात हा गुण आहे. रसिकतेत ती पळवाट आहे. आपले पुष्कळसे पुस्तक-परीक्षण अलीकडे चांगल्या, भारदस्त मराठीत हेच ‘ओके’ लिहीत असते. ‘आश्वासक’, ‘वाचनीय’, ‘उल्लेखनीय’ ही त्याचीच सोवळी रूपे होत.

मालाच्या पेटीवर ‘ओके’चा शिक्का खुशाल उमटावा. लेखकाने वर्षभर खपून लिहिलेल्या कथेवर तो उमटू नये. तिला वाईट म्हणा, पण वाचून म्हणा.