क्यूएसएल कार्ड आणि इलेक्ट्रॉनिक पोंच : एक साधनचिकित्सा

हौशी रेडिओचालकांत, म्हणजे ज्यांस ‘हॅम’ म्हणतात त्यांच्यांत, दोन केंद्रांचें बोलणें झालें कीं त्याची पोंच परस्परांस पाठविण्याचा प्रघात आहे. पोस्टकार्डाएवढ्या छापील कार्डावर ती जाते व तिला क्यूएसएल म्हणतात. सन २००३ मध्यें अमेरिकन रेडिओ रिले लीगनें ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ ही इलेक्ट्रॉनिक वही सुरू केल्यापासून कागदी कार्डाचें प्रयोजन संपलें, असा पक्ष मांडला जातो. इतिहाससाधनांच्या दृष्टीनें तो कितपत टिकतो, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

या पक्षांतील सत्यांश प्रथम मान्य केला पाहिजे. कार्ड ही एकाच पक्षाची लेखी कबुली होय. नैयायिकांच्या भाषेंत तें शब्दप्रमाण; वक्ता आप्त आहे कीं नाहीं हें कार्ड स्वतः सांगूं शकत नाहीं. शंभर प्रदेशांशीं संपर्क साधणारास मिळणाऱ्या ‘डीएक्ससीसी’ सन्मानासाठीं फेरफार केलेलें कार्ड ग्राह्य धरीत नाहींत. परंतु कसलेल्या हाताची खाडाखोड तपासनिसाच्या नजरेंतून निसटूं शकते. नव्या वहींत दोघेही आपापली नोंद सांकेतिक मुद्रेनिशीं स्वतंत्रपणें दाखल करतात. कॉल साइन, तारीख, बँड व प्रसारणप्रकार जुळून वेळेंत तीस मिनिटांहून अधिक अंतर नसेल तरच संपर्क सिद्ध होतो. ताम्रपटांच्या खरेखोटेपणावर हयात घालविणारांनीं हेवा करावा अशीच ही सोय आहे!

परंतु ‘संपर्क झाला काय?’ या एकाच प्रश्नाचें हें उत्तर झालें. सोव्हिएत काळांतील एखादें कार्ड घ्या. त्यावर बहुधा चालकाच्या घराचा पत्ता नसतो. मॉस्को, पोस्ट बॉक्स ८८, एवढेंच असतें. हजारों मैलांवरच्या परक्याशीं मोकळेपणीं बोललेल्या नागरिकाची पोंच राज्याच्या एकाच उंबरठ्यावरून ये-जा करी, हें त्या एका ओळीवरून कळतें. तोच संपर्क नव्या वहींत नोंदला तर वर सांगितलेल्या चार-पांच बाबींपलीकडे काय उरेल? आवाज कसा ऐकूं आला हें दर्शविणारा आकडाही तेथें राहत नाहीं. मग घरीं बांधलेल्या यंत्राचें वर्णन, एरिअलची उंची, कोपऱ्यांत हातानें लिहिलेली पोंचेची विनंती, हीं कोठून राहणार? जुळणीस जें लागत नाहीं तें टाकणें वहीच्या कामास योग्यच आहे. तिलाच दप्तर समजणें मात्र चुकीचें होय. चित्ररूप इलेक्ट्रॉनिक कार्डें पाठविण्याचीही सोय आहे, पण त्यांत टपालाचा शिक्का कोठला?

शिवाय कार्डाचा पुरावा कार्डाबरोबर फिरतो. वहींतील मुद्रा पडताळावयाची तर संस्था व तिचीं यंत्रें चालू असावीं लागतात. मे २०२४ मध्यें लीगच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हां ही वही जुलैपर्यंत बंद होती. नोंदी सुरक्षित राहिल्या, ही गोष्ट वेगळी.

कार्डाचे कैवारी बहुधा रंगीत चित्रांचें व हातांत घेण्याच्या आनंदाचें कौतुक करतात, त्यामुळें त्यांचा पक्ष नाहक दुबळा होतो. व्हिएन्ना येथील ‘डोकुमेंटात्सिओन्स-आर्किव्ह फुंक’ या संस्थेनें लक्षावधि कार्डें जतन केलीं आहेत, तीं केवळ चित्रांकरितां नव्हेत. दिवंगत चालकाचा असा संग्रह कोणाच्या हातीं आल्यास त्यानें देशवार वाटणी करण्यापूर्वीं कार्डांचा मूळ क्रम टिपून ठेवावा, पाकिटें फेंकूं नयेत, आणि त्याची संपर्कवही कार्डांपासून वेगळी होऊं देऊं नये.