निष्कर्षाच्या अलीकडचे विज्ञान

मराठीतील लोकाभिमुख विज्ञानलेखनाला मोठी परंपरा आहे. ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक १९२८ पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. आणि परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून विज्ञानकथेलाही वाचक लाभला. आज विषयांची वाण नाही, भाषाही पुरेशी सुबोध झाली आहे. उणीव आहे ती निराळ्या ठिकाणी. शास्त्रज्ञांना काय सापडले हे वाचकाला कळते, परंतु ते सापडले असे त्यांनी कशावरून मानले, हे सांगण्याआधीच लेख बहुधा संपलेला असतो.

गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे प्रचंड वस्तुमानांच्या हालचालींमुळे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन यंत्रणांनी त्या प्रथम टिपल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तशी घोषणा झाली, तेव्हा आइन्स्टाइनचे शतकापूर्वीचे भाकीत खरे ठरल्याचा गजर मराठीतही झाला, आणि तो योग्यच होता. परंतु यंत्रणेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे सहस्रांशाएवढाच फरक पडला असे वाचल्यावर कोणत्याही शहाण्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की जवळून गेलेल्या मालमोटारीचा हादरा यापेक्षा मोठा नसेल काय? खरी कथा इथे सुरू होते. सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन्ही यंत्रणांत एकाच घडणीचा संकेत सुमारे सात सहस्रांश सेकंदांच्या फरकाने उमटला. शिवाय दोन्हींच्या नोंदी कालदृष्ट्या मुद्दाम पुढेमागे सरकवून, निव्वळ योगायोगाने असा जुळणारा संकेत किती वेळा मिळू शकेल हे तपासले गेले, तेव्हा उत्तर आले दोन लाख वर्षांतून एकदाहूनही कमी. या युक्तिवादाला उच्च गणित लागत नाही, तरीही तो क्वचितच सांगितला जातो.

रोजच्या जगण्याशी निगडित विज्ञानात या उणिवेची किंमत अधिक पडते. करोनावरील फायझरची लस ९५ टक्के परिणामकारक असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा शंभरांपैकी पाच जणांना लस घेऊनही आजार होणार, असा अर्थ अनेकांनी लावला. प्रत्यक्षात चाचणीतील दोन जवळपास समान गटांपैकी लस न मिळालेल्या गटात १६२ आणि लस मिळालेल्या गटात ८ जण आजारी पडले होते, आणि ती टक्केवारी या तुलनेतून निघाली होती.

वृत्तपत्रीय स्तंभाची अपुरी जागा हे याचे कारण सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. वरील दोन आकडे एका वाक्यात मावतात. विज्ञान म्हणजे विस्मय, ही लेखकांनीच जोपासलेली समजूत अधिक जबाबदार आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून मुलांना स्वतः करून पाहायला लावले, प्रौढ वाचकासाठीच्या लेखनात मात्र त्या वृत्तीचा मागमूस फारसा दिसत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ या तशाच यंत्रणेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिल्यामुळे गुरुत्वीय लहरींचा विषय मराठी वाचकाच्या दाराशी आला आहे. त्यावरील लेखनात देशाच्या प्रतिष्ठेचा उल्लेख हटकून येतो. त्या मानाने, केवळ दोन यंत्रणांच्या आधारे २०१५ मधील लहरींचा उगम आकाशाच्या शेकडो चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी आहे एवढेच सांगता आले होते, आणि दूर अंतरावरची आणखी एक यंत्रणा तो पट्टा आक्रसून टाकते, हे प्रकल्पामागचे साधे कारण फार थोड्यांनी मांडले आहे.