साठ पत्त्यांचं परीक्षण

परीक्षणं लिहिण्याची खोड एकदा लागली, की माणूस दिवाळी अंकांवर थांबत नाही. आमच्या घरी अळूच्या फदफद्यालाही 'आशय उत्तम, बांधणी सैल' असा अभिप्राय मिळत असे. आणि तरीही मला दुसऱ्यांदा वाढलं जाई, यात मोठेपणा अर्थातच वाढणारीचा. तेव्हा गेल्या मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरलेल्या आमच्या नातवानं पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला नि "आजोबा, बघा ना, मी सारखा हरतो यानं," असं म्हणाला, तेव्हा मी लगेच चष्मा पुसायला घेतला.

कॅट पोकेमॉनचा. हा पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानात निघाला, म्हणजे आमच्या मेंढीकोटापुढे कालचं पोर. एकूण पत्ते ६०. त्यांत प्राणी, त्यांना लागणारी शक्ती आणि मदतीला धावणारी माणसं नि वस्तू. सात पत्ते हातात घ्यायचे, सहा 'बक्षीस' म्हणून पालथे ठेवायचे. समोरच्याचा प्राणी लोळवला की आपलं बक्षीस उचलायचं. सहाही आधी उचलील तो जिंकला.

आमच्या कोकणातली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. तिथं 'वामन जरा कमी पडतो, त्याऐवजी नरसिंह वाढवू' असं म्हणायची सोय नाही. इथं आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे.

दुकानात मिळणारा तयार कॅट हा दिवाळी अंकासारखा असतो. एक कथा, एक प्रवासवर्णन, मागे राशिभविष्य. कुणी रुसायला नको. या कॅटात अर्धे प्राणी आगीचे, अर्धे पाण्याचे. आगीवाला पुढं उभा, आणि हातात पाणी! नवशिक्याला खेळ शिकवायला ही रचना उत्तम आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. प्रत्येक गोष्ट एकेकदा चाखायला मिळते. पण जिंकायचं तर पंगत नव्हे, एकच पदार्थ पोटभर हवा. एका नावाचे चार पत्ते ठेवायला नियमाची परवानगी आहे (शक्तीचे साधे पत्ते हवे तेवढे). ६० मध्ये एखादा पत्ता एकटाच असेल, तर पहिल्या सातांत तो येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आत. चार असतील तर ४० च्या आसपास. या कॅटात चारमँडरचा चारमेलियन नि त्याचा चारिझार्ड व्हायचा, आणि चारिझार्ड एकुलता एक. तोच नेमका बक्षिसांत पालथा पडे. एकुलत्या एकावर भिस्त ठेवू नये, हे ठाण्याला मुलगा असलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

मित्रांशी अदलाबदल करून जमवलेले सुटे पत्ते त्यानं आणले होतेच. आम्ही ओटीवर संपादनाला बसलो. पाणी सगळं बाद. चारमँडर चार, चारिझार्ड तीन. मधली पायरी गाळून पोराला थेट मोठं करणारी 'रेअर कँडी' चार. (आमच्या वेळी हिला वशिला म्हणत.) आणि 'प्रोफेसर्स रिसर्च' चार. या पत्त्याचं काम असं, की हातातलं सगळं टाकून द्यायचं नि सात नवे पत्ते घ्यायचे. हातातल्या जुन्या नोट्स टाकून नव्या घेणारा प्राध्यापक मी उभ्या जन्मात पाहिला नाही, पण कल्पना नामी आहे.

चोवीस आत, चोवीस बाहेर. कात्री मॅजिकार्पवर आली. हा लाल मासा नुसता फडफडतो. पुढं त्याचा ग्याराडोस नावाचा राक्षस होतो खरा, पण पाणीच काढल्यावर राक्षस कुठला?

"हा राहू दे ना, आजोबा."

"का?"

"आजीनं त्याचं नाव निवटी ठेवलंय."

निवटी म्हणजे ओहोटीला आमच्या खाडीच्या चिखलात टणाटणा उड्या मारणारी. दोन वर्षांपूर्वी, तिच्या शेवटच्या मे महिन्यात, हिनं तो पत्ता लांब धरून पाहिला होता नि म्हणाली होती, "ही तर आपली निवटी! पण एकटीचं कालवण कसं व्हायचं? चार तरी हव्यात." म्हणजे चाराचं तत्त्व आमच्या घरात माझ्या आधी कुणाला कळलं होतं, ते बघा.

"जिंकायचंय ना? मग हळवेपणा चालायचा नाही," मी परीक्षकाच्या आवाजात म्हणालो. त्यानं मुकाट्यानं पत्ता बाहेर ठेवला. मग डावांवर डाव पिसले. पूर्वी पाचव्या पाळीपर्यंत रखडणारा चारिझार्ड आता दुसऱ्या पाळीला उभा राहू लागला. परीक्षण फळाला आल्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

भरती बघून त्याला लाँचवर बसवलं नि घरी आलो. काढलेले पत्ते रबर लावून टेबलावर ठेवलेले होते. सवयीनं मोजले. बरोबर चोवीस. पण सगळ्यांत वर प्रोफेसर. खालचे सगळे चाळले. निवटी नव्हती. साठाचे एकसष्ट चालत नाहीत, हे त्याला मीच बजावलं होतं.

रविवारी स्पर्धा आटोपून फोन आला. चारांपैकी दोन डाव जिंकले.

"आणि तिसऱ्या डावात ना आजोबा, पहिल्याच सातांत निवटी आली!"

"मग?"

"मग काय, हरलो," तो म्हणाला, आणि काय हसला!