नाण्याला गुण कोण देतो?

हुडकेश्वरात नाण्यांवर व्याख्यान ठेवलं तर किती लोक येतील, याची आम्हाला शंका होती. खुर्च्या कमी पडल्या. त्याहून आनंदाची गोष्ट म्हणजे बरेच जण घरचे रुपये रुमालात, डबीत घालून घेऊन आले आहेत.

सुरुवातीआधी एका ताईंनी व्हिक्टोरिया राणीचा रुपया दाखवला. म्हणाल्या, "एका जणानं मोबाइलवर फोटो पाहून सांगितलं, गुड कंडिशन आहे म्हणून. म्हणजे चांगलाच आहे ना?" ताई, नाण्यांच्या बाजारात 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे. 'गुड' म्हणजे फार झिजलेलं, चेहऱ्याची नुसती कड उरलेलं. 'फाइन' म्हणजेही बऱ्यापैकी झिजलेलंच. तुमचा रुपया त्याहून पुष्कळ बरा आहे. एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसला तर घरातली वस्तू कवडीमोलानं जाते. म्हणून आज हा विषय घेतला.

प्रतवारीची ही परिभाषा सगळीकडे सारखी नाही. जर्मनीत 'झेअर शोन' म्हणजे शब्दशः 'फार सुंदर', पण त्या प्रतीचं नाणं असतं आपल्याकडच्या 'व्हेरी फाइन'च्या आसपासचं. ब्रिटिश व्यापारी ज्याला 'एक्स्ट्रीमली फाइन' म्हणतो, त्याला अमेरिकेत बरेचदा एक पायरी वरची प्रत मिळते. नाणं तेच. समुद्र ओलांडला की त्याची प्रत बदलते.

मग आकडे आले. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी 1949 साली 1 ते 70 अशी पट्टी मांडली. 70 च का, 100 का नाही? तर तिथल्या 1794 सालच्या तांब्याच्या सेंटचे भाव पाहून त्यांनी गणित बसवलं होतं, की अगदी वाईट नाणं 1 डॉलरचं असेल तर निर्दोष नाणं 70 डॉलरचं. म्हणजे ही पट्टी मुळात एका देशातल्या, एका प्रकारच्या नाण्यांची भावपट्टी होती. ते भाव केव्हाच बदलले, पट्टी मात्र जगभर पसरली. 1986 साली पीसीजीएस आणि 1987 साली एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात. ब्रिटनमधल्या सीजीएसने 100 ची पट्टी धरली. त्यामुळे '70' हा आकडा एका पेटीवर निर्दोष असतो, दुसऱ्या पेटीवर नसतो.

या कंपन्यांचा उपयोग नाही, असं आम्ही म्हणत नाही. 1939 च्या दुर्मिळ रुपयाच्या बनावट प्रती बाजारात फिरतात. अशा वेळी तिऱ्हाइतानं नाणं खरं असल्याची ग्वाही दिली, तर घेणाऱ्याला आधार असतो. आमचा आक्षेप आकड्यावर आहे. काही लोक पेटी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, कधी एक गुण जास्त मिळून येतो. हे इतकं वाढलं, की 2007 साली सीएसी नावाची आणखी एक सेवा निघाली. दुसऱ्यांनी दिलेला आकडा पटला, की ती पेटीवर आपली चिकटपट्टी लावते. म्हणजे परीक्षकावर परीक्षक!

आता ही पट्टी आपल्या भोसल्यांच्या रुपयाला लावून पाहू. दिल्लीच्या अहमदशहाचं राज्य 1754 मध्ये संपलं, पण त्याच्या नावाचे रुपये भोसल्यांच्या टांकसाळीत त्यानंतरही निघत राहिले. ते हातानं, हातोड्याच्या घावानं पाडलेले. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. त्यामुळे पूर्ण मजकूर एका रुपयावर बहुधा उतरतच नाही. कोणावर साल येतं, कोणावर टांकसाळीचं नाव अर्धवट येतं. अभ्यासकाला नेमकं तेच हवं असतं. शेल्डनची पट्टी मुख्यतः झीज मोजते. म्हणून साल आणि टांकसाळ दोन्ही नसलेला, पण कमी वापरलेला रुपया वरचा आकडा घेऊन जातो. दोन्ही असलेला, पण थोडा झिजलेला रुपया खाली राहतो. प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी ठशाचे आणि पृष्ठभागाचे वेगळे गुण देते. म्हणजे एका आकड्यात सगळं मावत नाही, हे त्यांनाही कळतं.

आपल्याकडे प्रतवारी नव्हती असं थोडंच आहे? सराफ वजन बघत, चांदीचा कस बघत. चालू सालाचा सिक्का पूर्ण भावानं घेत, जुन्यावर बट्टा कापत. आत तांबं तर नाही, हे पाहायला छोटी खूण ठोकत. ती खूण म्हणजे नाणं खरं असल्याची साक्षच. आजच्या पट्टीत मात्र ती बहुतेक वेळा इजा म्हणून धरली जाते. पण सराफाची रीत निर्दोष होती, असंही समजू नका. बट्टा किती हे तोच ठरवायचा, आणि शेतकरी मुकाट्यानं घ्यायचा.

अजून एक घरगुती गोष्ट. लक्ष्मीपूजनाला आपण रुपया चिंचेनं, रांगोळीनं घासून लख्ख करतो. आजीच्या माळेतला असेल तर त्याला कडीचा डाग असतो. पट्टीच्या भाषेत अशी नाणी 'घासलेली', 'कडी काढलेली'. अशांना बहुधा आकडाच मिळत नाही, नुसता शेरा मिळतो. भाव उतरतो हे खरं, आणि ते विकणाऱ्यानं लपवू नये. पण आजपासून विकाऊ नाणी घासू नका, एवढं ऐका. पूजेचा एक रुपया वेगळा ठेवा.

शेवटची गोष्ट कायद्याची. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ताईंचा रुपया किंवा भोसल्यांचा रुपया आकडा आणायला फ्लोरिडाला पाठवणं हा गुन्हा ठरेल. अशा नाण्यांची पारख इथंच करावी लागणार आहे. आणि ती आपल्या नाण्यांना साजेशी हवी.

म्हणून विकताना किंवा घेताना नुसती प्रत विचारू नका. कागदावर पाच गोष्टी लिहून मागा. वजन किती? कंपनीचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम असतो. साल आणि टांकसाळ दिसते का? झीज कुठं आहे? घासलंय किंवा डाग आहे का? आणि प्रत कोणत्या देशाच्या, कोणत्या पट्टीनं दिली? पाचव्याचं उत्तर समोरच्याला देता आलं नाही, तर त्याच्या 'गुड'वर किंवा 'फाइन'वर सौदा करू नका.

ताई, तुमचा रुपया आता या टेबलावरच्या काट्यावर ठेवू या. बाकीच्यांनीही रांगेनं यावं. घाई नाही.