हलगी, मैदान आणि पन्नासाची नोट

आधीच सांगतो, हलगीवर लिहायचं म्हणून गेलो नव्हतो. कुस्त्या बघायला गेलो होतो. सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं गाव, यात्रेचं मैदान. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. का ते पुढं कळेल.

साताऱ्यात आमच्या पोरांच्या मोबाईलवर वर्षभर हलगीचा एक तुकडा फिरत होता. चार मिनिटांचा. कुणी वाजवला, कुठं वाजवला, नाव ना गाव. चौदा एप्रिलला डीजेवाल्यानं तोच मध्ये घातला नि अख्खी वस्ती नाचली. मी तर येडाच झालेलो. त्यात एक जागा आहे. हलगी भरधाव सुटलेली असते आणि मध्येच ती एक ठोका गिळते. खाली नुसता घुमका बोलत राहतो, पोटातून. कैताळ एकदाच किणकिणतं. मग हलगी परत येते, पण आपण वाट बघतो तिथं येत नाही, जरा मागनं येते. छातीत धस्स होतं. हा गिळलेला ठोका मी शंभरदा तरी ऐकला असेल.

तर मैदानाच्या कडेला भेळ घेत उभा होतो आणि पाठीमागं तोच ठोका गिळला गेला.

भेळ हातातच राहिली. गर्दीतनं घुसत पुढं गेलो. स्टेजच्या खाली, उन्हात, तिघं जण. हलगी, घुमका, कैताळ. हलगीवाला पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. डाव्या हातातली बारीक काडी चामड्यावर थरथरत होती, उजव्या हातातलं टिपरू घाव घालत होतं. मोबाईलच्या डबड्यात यातलं निम्मंसुद्धा आलेलं नव्हतं. घुमका तर तिथं ऐकूच येत नव्हता म्हणा ना. इथं तो पायातनं वर चढत होता.

आणि एक गोष्ट तिथं उभं राहिल्यावर कळली. हलगीवाला हलगीकडं बघतच नव्हता. तो पैलवानांच्या पायांकडं बघत होता. पकड बसली, दोघंही जागेवर अडले, की ठोका गिळायचा. एकाचा पाय हलला की हलगी परत. म्हणून ती उशिरा येते. पाय हलल्याशिवाय ती येणार कशी? मोबाईलवर मला जी लहर वाटत होती ती नजर होती. डीजेवर आम्ही जे नाचलो ते कुस्ती काढून टाकलेल्या हलगीवर नाचलो.

दोष नाहीत असं नाही. कुस्ती निकाली झाल्यावर ते जी धावपळ वाजवतात ती सगळ्या जिल्ह्यात तशीच वाजते, त्यात यांचं स्वतःचं काही नाही. कैताळवाला उतावळा आहे. पण हे असं बारकाईनं कुणी लिहितं का? इथून मिरज जवळ. अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, १९३७ साली वारले, दर्ग्यात त्यांच्या नावानं अजून गाणं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, तिथले कारागीर पिढ्यान् पिढ्या भोपळे कोरत आलेत. पण त्याच जिल्ह्यात हलगी मढवणाऱ्याला विचारतं कोण? समीक्षकांच्या लेखी ती वाद्य नाहीच, गोंगाट आहे.

स्टेजवरचा माणूस प्रत्येक पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, बक्षीस देणाऱ्याचं घराणं, सगळं पुकारत होता. दुपारपासून सांजपर्यंत. हलगीवाल्याचं नाव एकदाही नाही. "वाजवा रे!" एवढंच.

मग कुणीतरी पन्नासाची नोट मातीत टाकली. हलगीवाला वाजवत वाजवत मागं वाकला, पार कमान झाला, आणि नोट ओठांनी उचलली. ठोका चुकला नाही. त्या दिवसातली सगळ्यात मोठी आरोळी त्यालाच पडली. मी खाली बघितलं.

मैदान सुटल्यावर गाठलं. म्हटलं, "मामा, जयभीम. तुमची हलगी वर्षभर ऐकतोय."

"जयभीम. आन् जय लहुजी बी घ्या," तो हसला. "मोबाईलवर व्हय? कुनी घातली कुनास ठावं. आमास्नी दावली न्हाय कुनी."

नोटेचं काढलं. मला कसंतरी झालं म्हणालो.

"लाज तुमास्नी वाटली, दादा. नोट माझ्या खिशात हाय." मग टॉवेलनं तोंड पुसलं. "पर पोराला म्या हलगी शिकिवली. नोट उचलाया न्हाय शिकिवली."

माझ्या आज्यानं छप्पन्न सालानंतर वाजंत्री सोडली. घरातली हलगी आडात टाकली. पूर्वी त्याचा राग यायचा, आता येत नाही. गावचा सांगावा आला की उठायचं, लग्न असो की मढं, नाही म्हणायची सोय नाही. वतन म्हणजे काय याचं हे उत्तर आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं ते उगाच नाही, आणि ती वतनं कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं. आज्यानं आडात टाकला तो हुकूम होता. हलगी त्याच्याबरोबर गेली.

पण अण्णा भाऊंनी तमाशा आडात टाकला नाही. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. तिथल्या त्या माणसानं १९४४ साली अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, गणातला गणपती काढला आणि मातृभूमीला, कष्टकऱ्याला वंदन घातलं. साचा तोच, धनी बदलला. तिकडं तमिळनाडूत मढ्यापुढं वाजवायला लावलेली परई आज मोर्चात वाजते. आणि आपण? डीजेची हजारांची पावती फाडतो. वर आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, हलगी मांगांची, आपली नव्हे. दोस्तहो, 'फकिरा' कुणाला अर्पण केलीय ते पहिलं पान उघडून बघा. मग बोलू.

हलगी वाजली की झाली क्रांती, असलं भंकस मी म्हणत नाही. मोर्चात नेऊन आपणही "वाजवा रे" एवढंच म्हणणार असू तर त्या स्टेजवाल्यात नि आपल्यात फरक काय?

तिघांची नावं विचारली, वहीत लिहून घेतली. निघताना हलगीवाला म्हणाला, "छापू नका पर. बक्षिसाचं, नोटंचं तुमी लिवनार. फुडल्या वर्साची सुपारी जाईल आमची." म्हणून नावं नाहीत, गावही नाही. पुकारणाऱ्यानं केलं तेच मीही केलं, कारण वेगळं एवढंच.

जयंती मंडळाच्या बैठकीत विषय काढला. तिघांना आणायचं, बिदागी आधी ठरवायची, नावं बोर्डावर मोठ्या अक्षरात, नोट कुणी टाकायची नाही. एक जण म्हणाला, आवाज पुरंल का? दुसरा म्हणाला, डीजेचा ॲडव्हान्स गेलाय. म्हाताऱ्या अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "त्येंला विचारलंस का, येत्यात का?"

विचारलं नव्हतं.