गालिबची तारीख आणि मरणाची चाहूल

आपल्याकडचे स्मृतिलेख वाचताना एक वाक्य हमखास भेटते. मरहूमांना आपल्या जाण्याची चाहूल लागली होती. कुणी जाण्याआधी आठवडाभर सगळ्या नातलगांच्या घरी जाऊन आलेला असतो. कुणी शेवटच्या जुम्म्याला मशिदीबाहेर दोस्ताचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवलेला असतो. आणि गेलेला माणूस कवी असेल तर विचारायलाच नको, त्याच्या वहीतल्या शेवटच्या गझलेत मरणाचा शेर सापडतोच. चाळीसाव्यापर्यंत या आठवणी घरात सांगितल्या जातात, पुढे त्या छापून येतात, आणि मग त्यांना पुराव्याचे वजन येते. माणसाला स्वतःचे मरण आधी कळते का, हा प्रश्न धर्माचाही आहे आणि वैद्यकाचाही. आम्हाला तो साहित्याच्या बाजूने विचारायचा आहे. असे वाक्य लिहिणारा नेमके काय लिहीत असतो?

त्यासाठी मिर्झा गालिबसारखे दुसरे उदाहरण नाही. कारण त्याने आपल्या मरणाचा अंदाज नुसता बोलून दाखवला नाही, आकड्यांत मांडला.

अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. जन्म, मृत्यू, इमारतीची पूर्तता अशा प्रसंगी असे शब्द शोधायचे, की त्यांच्या अक्षरांची बेरीज त्या हिजरी सालाइतकी भरेल. याला तारीख काढणे म्हणतात. ‘गालिब’ या शब्दातल्या गैनचे 1000, अलिफचा 1, लामचे 30 आणि बेचे 2, म्हणजे 1033. ‘मुर्द’ म्हणजे मेला. त्यातल्या मीमचे 40, रेचे 200, दालचे 4, म्हणजे 244. ‘गालिब मुर्द’ची बेरीज झाली 1277. हे हिजरी साल इसवी सनाच्या 1860-61 मध्ये येते. गालिबने ठरवून टाकले की आपण याच वर्षी जाणार.

1277 साल आले. दिल्लीत साथही पसरली, माणसे मेली. गालिब मात्र जिवंत राहिला. भाकीत चुकल्याबद्दल त्याने मीर मेहदी मजरूहला पत्रात जे लिहिले त्याचा मतलब असा, की तारीख खोटी नव्हती, पण सगळ्या जगाबरोबर साथीत मरणे आपल्या शानीला शोभत नव्हते म्हणून आपण थांबलो. पुढे तो आठ वर्षे जगला आणि 15 फेब्रुवारी 1869 रोजी, हिजरी 1285 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गेला.

हा प्रसंग लोक गालिबच्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणून सांगतात आणि हसून पुढे जातात. आम्हाला त्यात अधिक काही दिसते. अल्ताफ हुसेन हालींनी 1897 साली ‘यादगार-ए-गालिब’ लिहिले. त्यांनी नोंदवले आहे, की शेवटच्या काळात मिर्झा दरवर्षी आपल्या मृत्यूची तारीख काढत आणि या वर्षी आपण नक्की जाणार असे समजत. म्हणजे चाहूल एकदा लागली नव्हती, ती दरसाल लागत होती. समजा, गालिब 1277 मध्येच गेला असता. मग मागची सारी चुकलेली वर्षे विसरली गेली असती आणि एक तेवढी बरोबर आलेली तारीख उरली असती. आज आपण त्याला वली म्हटले असते. चाहुलीच्या बहुतेक कथा अशाच उरतात. ज्या रात्री माणूस ‘आता मी जगत नाही’ म्हणाला आणि सकाळी उठून चहा प्यायला, त्या रात्रीची आठवण कुणी ठेवत नाही.

कवितेचा पुरावाही असाच फसवा आहे. गालिबच्या दिवानात मरण ठायी ठायी आहे, म्हणून कुणी त्याला मृत्यूची जाण असलेला वृद्ध कवी ठरवील. पण त्याच्या उर्दू गझलांचा मोठा भाग 1821 च्या हस्तलिखितात, म्हणजे तो चोविशीच्या आत असतानाच, लिहून झालेला होता. ‘नुस्खा-ए-हमीदिया’ म्हणून ते पुढे भोपाळहून छापले गेले. त्यातही मरण आहेच. गझलेत मरण हा रोजचा शब्द आहे. आशिक तिथे दर दोन शेरांनी मरतो. शाहीर अमर शेख 1969 साली अपघातात गेले. त्यांच्या शब्दांत मरण शोधायला बसलो तर ते मिळेलच, कारण राबणाऱ्यांसाठी गाणाऱ्या शाहिराला मरणाचा शब्द टाळता येत नाही. त्यावरून अपघाताची चाहूल सिद्ध होत नाही.

मग चाहूल म्हणून काहीच नसते का? असेही आम्ही म्हणणार नाही. शरीर खचते ते शरीरात राहणाऱ्याला कळते. अमेरिकेतल्या बफेलो शहरात अखेरच्या आजारातील रुग्णांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेत 59 रुग्णांशी रोज बोलून केलेला अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 88 टक्के रुग्णांनी निदान एकदा तरी वेगळे, अगदी खरे वाटणारे स्वप्न किंवा दृश्य पाहिल्याचे सांगितले. मृत्यू जवळ येत गेला तशी आधी गेलेली माणसे त्यांत अधिक दिसू लागली. ‘अम्मी न्यायला आलीय’ असे म्हणणाऱ्या आजाऱ्याला भ्रम झाला म्हणून गप्प करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र हे रुग्ण आपला आजार बरा होणारा नाही हे जाणून तिथे आले होते. त्यांना दिसले ते जवळची माणसे. मरणाची तारीख त्यांना दिसली नव्हती.

आपल्या श्रद्धेचा कौलही याहून वेगळा नाही. सूरह लुकमानच्या अखेरीस स्पष्ट सांगितले आहे, की उद्या आपण काय कमावू हे कुणा जिवाला ठाऊक नाही आणि कोणत्या भूमीत मरू हेही नाही. मौलाना रूमींच्या मसनवीच्या पहिल्या दफ्तरात याचीच हिकायत आहे. इज्राईलची नजर पडली म्हणून एक माणूस घाबरून हजरत सुलेमानांकडे येतो आणि वाऱ्यावर बसून हिंदुस्थानात पळतो. इज्राईल मात्र चकित होऊन त्याच्याकडे पाहत होता, कारण त्याचा जीव हिंदुस्थानात घ्यायचा हुकूम असताना हा इथे कसा, हे त्याला कळेना. त्या माणसाला चाहूल लागली होती हे खरे. तिचा अर्थ त्याने उलटा लावला.

हदीसमध्ये मरणाची इच्छा करण्याची मनाई आहे. आणि ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, असेही सांगितले आहे. दोन्ही एकत्र वाचले तर रोख ध्यानात येतो. तारीख शोधू नका, हिशेब तयार ठेवा.

आणि इथे गालिब पुन्हा आठवतो. अखेरच्या महिन्यांत त्याने रामपूरच्या नवाब कल्ब अली खान यांना पत्रे लिहून विनवले, की माझे कर्ज फिटू द्या. त्या पत्रांत ना अबजद आहे ना विनोद. कर्जदार म्हणून मरायची लाज आहे, आणि मागे राहणाऱ्या उमराव बेगमची काळजी आहे. मरण जवळ आल्याची खरी खूण आम्हाला ‘गालिब मुर्द’मध्ये दिसत नाही, या पत्रांत दिसते. तरी ती कुणी कौतुकाने सांगत नाही, कारण त्यांत चमत्कार नाही, गरिबी आहे.

आमची तक्रार आहे ती इथे. स्मृतिलेखात ‘त्यांना कळले होते’ असे लिहिले की बाकीचे प्रश्न मिटतात. छातीत चार दिवस दुखत होते तेव्हा दवाखान्यात का नेले नाही, वसीयत का झाली नाही, बायकोच्या मेहरचे काय झाले, पुस्तकाचे हस्तलिखित कुणाकडे पडून आहे, हे मग कुणी विचारत नाही. हालींनी असे केले नाही. ते गालिबचे शागीर्द होते, जाण्याच्या आदल्या दिवशी भेटून आले होते. तो नवाब अलाउद्दीन अहमद खान यांच्या पत्राचे उत्तर लिहून घेत होता, आणि आता माझी खबर एकदोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचारा असे त्यात सांगत होता. यावर वलीपणाची कथा सहज उभी राहिली असती. पण हालींनी चुकलेल्या तारखाही तितक्याच प्रेमाने लिहिल्या. मुर्शिदावर प्रेम असूनही खरे लिहिता येते, याचा हा धडा आहे. आपल्या लेखकांवर लिहिताना तो आपण गिरवायला हवा.

गालिब गेल्यावर लोकांनी तारीख काढली ‘आह गालिब बमुर्द’. ‘आह’चे 6 आणि जोडलेल्या बेचे 2 मिळवले की 1277 चे 1285 होतात. गालिबच्या गणितात आठ वर्षे कमी पडली होती, ती मागे राहिलेल्यांच्या आहने भरून निघाली. स्मृतिलेखातली चाहूल बहुतेक वेळा हीच असते. ती आपली आह असते आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त ती मरहूमांच्या नावावर न लिहिता आपल्या नावाने लिहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.